तिसाव्या दिवसाचा फोन

ज्या माणसाने मला जयपुरात पहिली नोकरी दिली, त्याचा मला आजही राग येतो. केलेल्या उपकारांची आठवण ठेवावी, असं माझी आई सांगायची. मी ठेवली आहे, फक्त आईच्या मनात होती तशी नाही.

नवऱ्याची विमा कंपनीतली बदली, मुलगी दिवसभर शाळेत, आणि साताऱ्याहून आणलेली बी.एस्सी.ची पदवी कपाटात ठेवून मी डाळ निवडत बसलेली. अशात मराठी मंडळाच्या गणपतीत हे सर्जन भेटले. मूळचे पुण्याकडचे, सी-स्कीम या इथल्या महागड्या भागात स्वतःचं हॉस्पिटल, पोटाची ऑपरेशनं दुर्बिणीतून करण्यात हातखंडा. त्यांनी माझ्या हातची आमटी दोनदा वाढून घेतली आणि फळ्यावरचं माझं अक्षर बघून म्हणाले, "वहिनी, असं अक्षर हवंय मला. संशोधन करतोय एक. आपलं माणूस असलं की बरं पडतं." आपलं माणूस म्हणजे काय, ते मला पुढे कळलं. आपलं माणूस म्हणजे जे प्रश्न विचारत नाही ते.

संशोधन असं होतं. पित्ताशयात खडे झाले की पोटाला चार छोटी भोकं पाडून ते पित्ताशय काढून टाकतात. इथे सगळे त्याला 'दूरबीन वाला ऑपरेशन' म्हणतात. बाई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाते. घरी गेल्यावर तिचं काय होतं, म्हणजे हे ऑपरेशन सरांच्या हातून किती सुरक्षित होतं, हे बघायचं होतं. माझं काम म्हणजे ऑपरेशननंतर तिसाव्या दिवशी फोन लावायचा आणि एका पानाचा फॉर्म भरायचा. दुखतं का, ताप आला का, उलट्या झाल्या का, जखमेतून पू येतो का, डोळे पिवळे झाले का, दुसरीकडे भरती व्हावं लागलं का. खाली माझी सही. एसीत बसून मी चाकसू, बस्सी आणि त्यापलीकडच्या गावांतल्या पोटांची चौकशी करायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि ते शिकायला मी बरोबर उंटांच्या मुलखात आले होते.

हे खडे जास्त करून बायकांना होतात. फॉर्मवरचा नंबर मात्र बाईचा नसायचा. नवऱ्याचा असायचा, दिराचा असायचा, बहुतेकदा सासऱ्याचा. मी विचारायचे, बहू कशी आहे? "ठीक छै," पलीकडचा आवाज म्हणायचा. दुखतं का? "ना जी, सब ठीक छै." सहाही प्रश्नांना तेच उत्तर. सून घरात असली तरी सासऱ्यासमोर फोनवर बोलायची पद्धत नाही. आणि बऱ्याचदा ती घरात नसायचीच. ऑपरेशन झालं की सून आरामाला पीहरला, म्हणजे माहेरी जाते, कारण सासरी राहिली तर म्हशींचं कोण करणार हा प्रश्न तिच्याच अंगावर येतो. थोडक्यात, जी बाई भलत्याच गावात पडून आहे तिच्या पोटाचं वर्तमान मला तिचा सासरा सांगत होता, आणि मी ते वळणदार अक्षरात उतरवून घेत होते.

एकदा मी सरांना विचारलं, "सर, बाईशीच बोलायला नको का?"

"वहिनी, फॉर्मवर काय छापलंय? रुग्ण किंवा नातेवाईक. सासरा नातेवाईक नाही का?" ते हसले. "आणि तुम्ही बायका एकमेकींशी बोलायला लागलात, तर दिवसाला दोनच फोन होतील."

मीही हसले. त्यांच्या हसण्याइतकाच मला माझ्या हसण्याचा राग येतो. पण खरं सांगायचं तर माझ्या घरी तरी काय वेगळं होतं? डॉक्टरकडे गेलो की माझं दुखणं माझा नवराच सांगतो, आणि मी शेजारी बसून मान हलवते. त्यामुळे त्या फोनमध्ये मला काही वावगं वाटायचं ते फार वेळ टिकायचं नाही.

चाकसूच्या एका सुनेचा फॉर्म मी थंडी उतरत असताना भरला. सासऱ्यांचा आवाज समंजस होता. मागे ट्रॅक्टर चालू होता. "ठीक छै. पीहर गई छै." डोळे पिवळे? "ना जी." मी सहा ठिकाणी 'नाही'वर खूण केली, खाली 'रुग्ण ठीक' असं लिहिलं, सही केली आणि डबा उघडला. डब्यात मेथीचे पराठे होते. हे सगळं मला लख्ख आठवतं. त्या बाईचं काहीच आठवत नाही, कारण तिच्याबद्दल मला काही कळलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी ती स्वतः आली. माहेरून, बस्सीहून, तिच्या भावाने तिला आणलं होतं, आणि ती दोघं सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसली होती. आत कुणी घेईना, म्हणून रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांना माझ्याकडे पाठवलं. तिने ओढणी मागे सारली तर डोळ्यांचा पांढरा भाग हळद लावल्यासारखा पिवळा. कमरेजवळून एक नळी निघालेली, नळीच्या टोकाला पिशवी, पिशवीत हिरवट पित्त. वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं.

बोलला तो भाऊच. महिना भरत आला तेव्हा डोळे पिवळे झाले. आईने गावात नेऊन कावीळ झाडून आणली. उतरेना, तेव्हा भावाने तिला इथे आणायचं ठरवलं आणि सासरी विचारलं. "ससुर जी बोले, अस्पताल से फोन आ गया था, मैडम ने ठीक लिख लिया है. अब क्या दिखाना," तो म्हणाला. मग थंडी वाजून ताप भरला तेव्हा सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ही नळी घातली आणि सांगितलं की पित्ताशय काढताना पित्ताची मुख्य नळी दुखावली गेली आहे. आता मोठं ऑपरेशन करून ती जोडावी लागेल. त्याआधी पहिल्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग हवं, कुठे काय कापलं आणि कुठे क्लिप लावली ते बघायला. "उसके बिना अँधेरे में हाथ डालना पड़ेगा, ऐसा बोले." रेकॉर्डिंगसाठी ही त्यांची तिसरी खेप होती.

सासऱ्यांना तिची कावीळ ठाऊक असून ते खोटं बोलले, की माहेरच्यांनी त्यांना कळवलंच नव्हतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची मला लाज वाटली. मॅडम ने ठीक लिख लिया है, यातली मॅडम मी होते.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते परिषदेत दाखवायच्या स्लाइड करत होते. पडद्यावर मोठ्या अक्षरात होतं, एकही गंभीर गुंतागुंत नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे फाइल काढली आणि माझाच फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"तिसाव्या दिवशी रुग्ण ठीक. हे बघा. त्यानंतर कुणी काय झाडफूक केली, ते आपल्या गळ्यात कशाला?"

"सर, ते मी तिला न विचारता लिहिलंय."

"मग ते तुमचं चुकलं. 'ठीक' मी लिहिलेलं नाही, वहिनी. अक्षर कुणाचंय?"

"रेकॉर्डिंग तरी द्या तिला. तिचंच पोट आहे."

"आज रेकॉर्डिंग दिलं की उद्या वकील दारात. आणि तीस दिवसांनंतरचं या अभ्यासात बसत नाही. विषय संपला."

"तारीख बघून कापली गेली का तिची नळी?"

"आवाज खाली, मॅडम."

इतक्या दिवसांची वहिनी त्या एका वाक्यात मॅडम झाली. तो माणूस खोटं बोलला असता तर मला इतकी चीड आली नसती. अक्षर माझंच होतं, सही माझीच होती. पुढेमागे बोट दाखवायला कुणीतरी लागणारच होतं, आणि त्यासाठी त्यांनी आमटी चांगली करणारी, चार लोकांत 'सर, सर' म्हणणारी बाई शोधली होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी होते, आणि मला ते कौतुक वाटलं होतं.

मी फॉर्म उचलला आणि माझ्या टेबलावर येऊन बसले. 'रुग्ण ठीक' यावर एक सरळ रेघ मारली. खाली हिंदीत लिहिलं की ही माहिती सासऱ्यांकडून फोनवर घेतली, रुग्णाला काहीही विचारलेलं नाही, आज रुग्णाचे डोळे पिवळे आहेत आणि पोटाला नळी आहे. तारीख घातली, पुन्हा सही केली. अशा संशोधनावर लक्ष ठेवायला बाहेरच्या लोकांची एक समिती असते, तिचा ईमेल पत्ता फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला होता. त्या पत्त्यावर मी फॉर्मचा फोटो पाठवला आणि केबिनच्या दारात उभं राहून सरांना तसं सांगितलं. त्यांनी असिस्टंटला आत बोलावलं.

अर्ध्या तासाने त्यांच्या असिस्टंटने एक पेन ड्राइव्ह आणि ऑपरेशनची नोंद माझ्या टेबलावर आणून ठेवली. सोबत निरोप होता की उद्यापासून यायची गरज नाही. पुढे मंडळात सरांची बायको माझ्याशी बोलायची बंद झाली, आणि मी त्यांच्या घरच्या कुठल्याच कार्याला गेले नाही. परिषदेतली ती स्लाइड बदलली की तशीच राहिली, मला कुणी कळवलं नाही.

त्या दुपारी मी पेन ड्राइव्ह, ऑपरेशनची नोंद आणि दुरुस्त केलेल्या फॉर्मची झेरॉक्स घेऊन बाहेर गेले. भावाने हात जोडले. ती मात्र कागदाकडे बघत होती.

"इसमें क्या लिखा है?" तिने विचारलं. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"लिखा है कि आपसे पूछा नहीं गया था."

"किसने नहीं पूछा?"

"मैंने."

तिने मान हलवली नाही, काही जाऊ दे वगैरेही म्हणाली नाही. पिशवी मांडीवर नीट घेतली आणि बाकावर थोडी सरकली.

"तो अब पूछ लो."

मी तिच्या शेजारी बसले. फॉर्ममधला पहिलाच प्रश्न विचारला. "दर्द है?"

"पहले से ठीक है, मैडम," भाऊ म्हणाला.

तिने त्याच्याकडे न बघता हात वर केला. "मुझसे पूछा है."