घोळणा फुटायच्या खुर्च्या

खुर्ची पुसल्याशिवाय काका कुणाला बसू द्यायचे नाहीत. हातात फडकं, पाठ एकदा, बैठक दोनदा. मग खुर्चीकडे हात करून म्हणायचे, "सावकाश. वर आलात ना, आता घाई कसली?"

मी न्यू जर्सीतल्या एका स्टेडियमात सगळ्यात वरच्या मजल्याचे जिने झाडायचो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी चौथीपर्यंत शिकलेला. धाकटा भाऊ इंजिनिअर, त्यानं इकडे आणलं. तो पिस्कॅटवेत राहायचा आणि मित्रांना सांगायचा, "दादा मेन्टेनन्सला आहेत."

मी त्याला म्हणायचो, "झाडतात म्हण की! लाजतोस कशाला? माझ्या जिन्यावर भाकरी ठेवून खा, मग बोल."

काका लोकांना जागा दाखवायचे. गोरे, सत्तरीचे. वडीलधारा माणूस म्हणून मी पहिल्याच दिवशी काका म्हटलं. अर्थ विचारला तर सांगितलं, बापाचा भाऊ. तेव्हापासून मी त्यांचा 'नेफ्यू'. माझ्या तोडक्या इंग्रजीला ते कधी हसले नाहीत. बाकी सगळ्याला हसायचे.

त्या वरच्या मजल्यावरून खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात. तुमच्यापैकी कुणी बसलं असेल तर माहीत असेल, तसल्या जागांना नोझब्लीड सीट्स म्हणतात. इतक्या उंच, की चढता चढता माणसाचा घोळणा फुटावा. हे नाव कुठून आलं असं कुणी विचारलं की काकांना चेव चढायचा. एकाला सांगायचे, एका पायलटनं ठेवलं. दुसऱ्याला सांगायचे, "एक जाडा गडी दोन हातांत दोन बिअर घेऊन न थांबता वर आला. नाकातून धार लागली, पण मॅच संपेपर्यंत उठला नाही. त्याच्या मानासाठी हे नाव."

"काका, काल तर पायलट होता!"

"काल समोरचा माणूस बारीक होता, नेफ्यू. जाड्याची गोष्ट त्याला कशी पटणार?"

बायको गेलेली, मूल नाही, एका खोलीत राहायचे. सुपरवायझरला म्हातारे नको होते, तो निमित्तच शोधत होता. काका म्हणायचे, "एकदा आजारी दिसलो की हे मला घरी बसवतील. आणि घरी काय आहे? भिंती. त्यांना जागा दाखवायची गरज नाही."

एका उन्हाळ्यात माझ्या जिन्यावर तांबडे डाग दिसायला लागले. शेवटच्या रांगेजवळ, थेंब थेंब. घासून काढले की पुढच्या मॅचला परत हजर. आता आपल्याकडचा माणूस तांबडा डाग बघून काय समजेल, ते तुम्हाला सांगायला नको. आपली कॉलेजातली पोरं तेव्हा स्वस्तातली तिकिटं काढून वर यायला लागली होती. वाटलं, त्यांच्यातलाच कुणी पान खाऊन थुंकतोय. आणि तिथं कामाला भारतीय मी एकटा. आळ माझ्यावर येणार.

काका तिथंच उभे असायचे. त्यांना विचारता आलं असतं. पण आपल्या लोकांची घाण परक्याला कशाला दाखवा, म्हणून गप्प बसलो. सरळ सुपरवायझरला हाताला धरून वर आणलं, पान म्हणजे काय ते समजावलं, डाग दाखवले. म्हटलं, "हे माझं काम नाही. लक्ष ठेवा, पकडा."

त्यानं पुढच्याच मॅचला लक्ष ठेवलं, आणि पकडलं. खांबाच्या आडोशाला काका मान खाली घालून उभे होते. नाकावर रुमाल. तो लाल रुमाल मी रोज बघायचो, मला वाटायचं ऐट आहे. कोपरावरून रक्त पायरीवर टपकत होतं. दुसऱ्या हातातलं खुर्च्यांचं फडकं तेवढं त्यांनी लांब धरलं होतं, स्वच्छ.

त्याच दिवशी त्यांचं कामाचं जाकीट काढून घेतलं, घरी बसवलं. जिना उतरताना ते माझ्यापाशी थांबले.

"पान म्हणजे काय असतं, नेफ्यू?"

"एक पान असतं, झाडाचं. चघळतात."

"मला विचारायचंस."

एवढंच बोलले आणि उतरले. मी पायरी झाडत राहिलो. उत्तर देण्याएवढं इंग्रजी नव्हतं, असं मी भावाला सांगितलं. 'सॉरी' हा शब्द मला पहिल्या दिवसापासून येत होता.

पुढे तिथले नोकर गिऱ्हाइकांना सांगायला लागले, की इथं एक म्हातारा होता, त्याच्या नाकावरून हे नाव पडलं. लोक हसायचे. साफ खोटं आहे. शब्द जुना आहे, मी येण्याआधीचा. मी झाडू टाकून प्रत्येकाशी भांडलो. लिहायला बसलो तेही त्यासाठीच.

मला ते शेवटचे दिसले सीझन संपताना. तिकीट काढून आले होते. दर दहा पायऱ्यांवर थांबत, कठडा धरत, शेवटच्या रांगेपर्यंत चढले. त्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसानं नुसतं बोट दाखवलं. मी धावलो. माझ्याकडे स्वच्छ फडकं नव्हतं, म्हणून शर्टाच्या बाहीनं खुर्ची पुसली. पाठ एकदा, बैठक दोनदा.

"सावकाश, काका."

त्यांनी खुर्चीकडे बघितलं, माझ्या बाहीकडे बघितलं. मग शेजारच्या धुळीनं भरलेल्या खुर्चीवर बसले.