एका बोटाने दाखवलेलं दुखणं

जुन्नरच्या डॉक्टरांनी त्या मुलीचा खेळ बंद करायला सांगितला होता. मी तिच्या वडलांना नेमकं उलटं सांगितलं. ही गोष्ट आजवर मी कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळसुद्धा नाही.

नव्वदीची सुरुवात होती. आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी खेळाचा शिक्षक म्हणून नवा लागलो होतो. पदवी होती, पण दुखण्याबद्दल मला जे ठाऊक होतं ते गावच्या तालमीतलं. तिथे पहिल्या दिवसांत मांड्या अशा भरून यायच्या की खाली बसता यायचं नाही. वस्ताद म्हणायचे, "दुखतंय व्हय? मग अजून बैठका मार. मोकळं व्हतंय." आणि खरंच व्हायचं. तेच औषध मी शाळेत आणलं. लंगडत आला की बैठका. पोरं माघारी मला 'बैठक्या' म्हणायची. ते मला कळायचं, आणि आवडायचंही.

ती नववीत होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली. आजोबांच्या काळात घर मेंढरांमागे फिरायचं, वडलांनी थोडी शेती धरली होती आणि थोडी मेंढरं ठेवली होती. खो-खोत पाटीवर बसलेली ही पोरगी खो मिळाल्यावर उठली कधी ते दिसायचंच नाही, समोरची बाद झाल्यावरच कळायचं. तिला पोलिसात जायचं होतं. घरात सगळ्यांना ते मान्य होतं, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

त्या हिवाळ्यात तिच्या गुडघ्याच्या वाटीखाली सुपारीएवढा उंचवटा आला.

"सर, हितं लई दुखतंय."

"मग बैठका काढ."

तिने काढल्या.

पुढे ती वर्गातही पाय ओढत यायला लागली, तेव्हा मी तिला आणि तिच्या वडलांना घेऊन एसटीने जुन्नरला गेलो. दवाखान्यात गर्दी होती. वडील म्हणाले, "मास्तर, तुमी हाय ना? मी तवर मेंढरांचं औषध बघून येतो." आणि ते बाजारात गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठं दुखतं, दाखव." तिने त्या उंचवट्यावर एक बोट ठेवलं. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि तिला पट्टी बांधायला बाहेर पाठवलं. मग मला म्हणाले, "मास्तर, जे पोर तळहात फिरवून मांडी दाखवतं ना, त्याचा स्नायू दुखतो. त्याची काळजी नाही, चार दिवसांत जातं. जे एका बोटानं जागा दाखवतं त्याला खेळवायचं नाही. हिचं हाड अजून वाढतंय आणि मांडीचा स्नायू ते रोज ओढतोय. बैठका, उड्या, खो-खो, सगळं बंद. काही महिने लागतील, पण आपोआप बरं होईल. नाही थांबवलं तर एक दिवस तिथलं हाडच उचकटेल."

जिल्ह्याचे सामने तोंडावर होते. तिच्याशिवाय माझा संघ म्हणजे काहीच नव्हता.

एसटी स्टँडवर वडील औषधाची बाटली घेऊन उभे होते. "काय म्हनला डागदर?"

"काही नाही. वाढीचं दुखणं आहे. वाढ झाली की पळून जाईल. खेळली तरी चालतंय."

त्यातलं अर्धं खरं होतं, म्हणून जीभ अडखळली नाही. वडील म्हणाले, "बरं झालं राव. खेळ सुटतोय म्हनून रातभर रडली व्हती." आणि ती हसली. तिचं ते हसणं मी पुढे कितीतरी वर्षं माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून वापरलं.

सामन्यात ती खो मिळताच उठली आणि तिथेच खाली बसली. ओरडली नाही. डॉक्टर म्हणाले होते तेच झालं. जीपमधून पुण्याला नेली, ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण तो पूर्ण दुमडत नाही. पोलिसाचं नाव त्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

उन्हाळ्यात तिचे वडील घरच्या लोकरीची घोंगडी घेऊन माझ्याकडे आले. "मास्तर, तुमी धावपळ केली म्हनून पोरीचा पाय राहिला." मी घोंगडी घेतली. ती ट्रंकेत आहे. कधी अंथरली नाही.

त्यानंतर मी बैठका बंद केल्या. मैदानावर येणाऱ्या प्रत्येक पोराला विचारायचं, कुठं दुखतंय, हाताने दाखव. तळहात फिरवला तर हळू पळ. एक बोट ठेवलं तर बाहेर बस. पोरांनी त्याचीही चेष्टा केली. "सर, गणिताच्या तासाला माझं एक बोट दुखतंय बरं का." मुख्याध्यापक चिडायचे, हातातले कप गेले. मी हटलो नाही.

ती मुलगी पुढे लग्न करून पेठला दिली होती. यंदा तिने तिची मुलगी आमच्या शाळेत घातली. "सर, हिला तुमच्याच हाताखाली घालायची व्हती." पोरगी आईसारखीच. दिवाळीनंतर एक दिवस पोरीने वाटीखाली बोट ठेवलं. मी तिला बसवलं आणि हातात शिट्टी दिली.

दुसऱ्याच दिवशी आई आली. "सर, हिला का बसवली?"

"गुडघा दुखतोय तिचा."

"मग? तुमीच म्हनला व्हता ना, वाढीचं दुखनं, पळून जातं. मी घरी तेच सांगितलं. लाड करू नको म्हनलं."

"आणि तुझ्या पायाचं काय झालं?"

"त्या डागदराला कळलं नसंल. तुमचा काय दोष त्यात?"

तिथेच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मी हिला खेळवणार नाही."

"मग दुसऱ्या शाळेत घालीन."

"घाल. तिथं येऊन सांगेन."

ती चिडून गेली. परवा पोरगी शिट्टी परत देताना सहज म्हणाली, "सर, आई मला सकाळी रस्त्यानं पळवती. मोकळं व्हतं म्हनती."

मैदानावर मी कितीही पोरं बसवली तरी मी सांगितलेलं खोटं अजून त्या घरात पळतंय, आणि आता ते दुसऱ्या गुडघ्याला लागलंय. ते थांबवायला माझा नियम पुरणार नाही, आणि जुन्नरला घेऊन गेलो तर तिथल्या डॉक्टरवरही तिचा विश्वास बसणार नाही. तो विश्वास मीच घालवलाय.

उद्या पेठला जाणार आहे. डॉक्टर चुकले नव्हते, मी खोटं बोललो होतो, एवढं मी तिला सांगणं लागतो. तिच्या वडलांनाही.