‘मोजून गेलं’ हे आमच्या ओट्यावरचं

परवा धाराशिवला एका लग्नात माझ्या शेजारी उमरग्याच्या एक बाई जेवायला बसल्या होत्या. वाढपी जिलबीचं ताट घेऊन आमच्यापर्यंत आला, पंगत कुठवर गेलीय ते वाकून बघितलं आणि तसाच मागं फिरला. त्या बाई म्हणाल्या, "मोजून गेलं." आजूबाजूची सगळी हसली. मग त्याच मला समजावायला लागल्या, की सरकारची टिंगल करायचं हे बोलणं मूळ आमच्या उमरग्याचं, हायवेच्या कामावर सुरू झालं. मी हातातला घास परत ताटात ठेवला. मी म्हटलं, "ताई, माझ्या वाटची जिलबी न्या, पण हे वाक्य नेऊ नका. ते आमच्या ओट्यावरचं आहे आणि माझ्या सासऱ्यांच्या तोंडचं आहे."

त्यांना काही पटलं नाही. सासरी सगळे म्हणतातच की माझं तोंड तिखट आहे, तर आता सगळं सांगूनच टाकते.

आमचं गाव परंडा तालुक्यात, सोनारीच्या अलीकडं. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामधे ओढा. त्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून केलेला पूल होता, तो एका पावसाळ्यात वाहून गेला. तेव्हापासून एसटी गावात येत नाही, फाट्यावरूनच पुढं निघून जाते. ओढ्याला पाणी असलं की फाट्यापर्यंतही जाता येत नाही. बाप्यांचं काही अडत नाही, ते चौघं मिळून मोटारसायकल उचलून पलीकडं नेतात. अडतं ते पोरींचं. गावातली शाळा दहावीपर्यंत, कॉलेज परंड्याला. एसटी नाही म्हणून दहावी झालेली पोरगी घरी बसते, आणि घरी बसलेल्या पोरीसाठी लगेच स्थळं बघायला लागतात. पूल गेला तेव्हा माझी मुलगी लहान होती. मला वाटलं होतं, ती मोठी होईपर्यंत होईल की. मी पण काय, भोळीच.

पूल गेला त्याच हिवाळ्यात पहिली जीप आली. साहेब उतरले, एका माणसानं टेपचं टोक या काठाला धरलं, दुसऱ्यानं त्या काठाला. ओढा मोजून झाला. ओढ्याला लागून पहिलं घर आमचं, म्हणून चहा आमच्या ओट्यावर. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आणि ओढा तोच. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरे. ओढा वर्षभरात वाढतो, असा सरकारला संशय असावा. एक साहेब तर लांबीबरोबर खोलीही मोजून गेले, तेव्हा गावात दोन दिवस बोलणं होतं की काम आता पुढं सरकलं. चहा मीच करायचे, त्यामुळं सरकार मला जवळून बघायला मिळालं. सरकार साखर कमी घेतं आणि बशीत बिस्कीट उरू देत नाही.

तर अशीच एकदा जीप गेली आणि सासूबाई शेतातून आल्या. ओट्यावर कपबशा बघून त्यांनी विचारलं, "कोण आलतं?"

आमचे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सुपारी कातरत बसले होते. "सरकार आलतं," ते म्हणाले.

"काय म्हनलं?"

"काय म्हनतंय. मोजून गेलं."

झालं, एवढंच. त्याला जन्म म्हणायचं असेल तर जन्म. अण्णा हसलेही नव्हते. पण सासूबाईंनी ते उचललं आणि दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत सोडलं. तिथून ते गावभर झालं. लाइनमन खांबाकडं मान वर करून बघायचा आणि चालता व्हायचा, मोजून गेलं. मुलगी बघायला आलेले पाहुणे पोहे खाऊन निरोप न देता गप्प बसले, मोजून गेले. फाट्यावरच्या हॉटेलातून कंडक्टरांनी ते परंड्याला नेलं, परंड्याहून भूमला गेलं, मग मोबाइलवर कुणीतरी गुलाबाच्या फुलाखाली ‘शुभ सकाळ’ लिहून त्याच्या खाली हे वाक्य टाकलं. एकदा मी कामासाठी धाराशिवला एका सरकारी कचेरीत गेले होते. बाहेर चहाच्या टपरीवर एक कारकून दुसऱ्याला विचारत होता, "वरच्या साहेबांनी आपल्या अर्जाचं काय केलं?" दुसरा म्हणाला, "मोजून गेले," आणि दोघं खो खो हसले. सरकारलाही सरकारची चेष्टा आवडते. फक्त सरकार म्हणजे आपण, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

अण्णांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रोज फाट्यावरच्या हॉटेलात जाऊन बसायचे, कुणी परका माणूस ते वाक्य बोलतोय का ऐकायचे. बोलला, की आणखी एक चहा सांगायचे. हे माझं आहे, असं मात्र कधी म्हणायचे नाहीत. मला त्यांचं ते लई आवडायचं.

असं करता करता माझी मुलगी दहावीला बसली आणि पास होणार हे दिसायला लागलं. पोरगी हुशार, आणि आबांची म्हणजे अण्णांची फार लाडकी. तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं, "एसटी आली तर कॉलेज. न्हाय तर स्थळं बघायची." ते काही वाईट नाहीत, पण ओढ्यात पोरगी घालायची त्यांना भीती वाटायची. म्हणजे माझ्या पोरीचं शिक्षण आता त्या पुलावर येऊन ठेपलं.

त्याच उन्हाळ्यात निवडणूक आली. आमच्या भागाचे जे पुढारी, ते पहिली जीप आली तेव्हा सत्तेत होते, चौथी आली तेव्हाही होते. मधल्या काळात गळ्यातलं उपरणं बदललं, गळा तोच. त्यांचा निरोप आला, की ‘मोजून गेलं’ म्हणणारे आजोबा तुमच्या गावात आहेत म्हणे, सभेत त्यांचा सत्कार करायचाय, चार शब्द बोलायला सांगा.

मी त्या दिवशी सकाळी अण्णांच्या पुढ्यात जाऊन बसले. म्हटलं, "अण्णा, एवढा एकच मोका आहे. माईक हातात आला की फक्त विचारा, पूल कधी करता? दुसरं काही बोलू नका."

"इचारतो की," ते म्हणाले. "त्याच्यासाठीच तर चाललोय."

पोरीनं स्वतः त्यांच्या टोपीला इस्त्री केली.

मारुतीच्या देवळापुढं सभा भरली. पुढारी बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "मागच्या सरकारनं तुमच्या ओढ्याचं काय केलं? मोजून गेलं!" असा काही हशा पिकला, की मागचं सरकार म्हणजे हेच होते, ही गोष्ट त्यात वाहून गेली. मग अण्णांना वर बोलावलं. शाल झाली, नारळ झाला, माईक हातात दिला. पुढारी म्हणाले, "आजोबा, सांगा, कसं सुचलं?"

मी बायकांत बसले होते. पोरीनं माझा हात घट्ट धरला होता.

अण्णांनी समोर बघितलं. सगळं गाव तोंडाकडं बघत होतं. आणि अण्णांनी सुरू केलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरणारे साहेब त्यांनी करून दाखवले. आमच्या म्हशीनं टेपच्या टोकावर पाय दिला होता, ते सांगितलं. "म्या म्हनलं, साहेब, दरसाल हीच टेप धरती, ह्या म्हशीला तरी सरकारी नोकरीत कायम करा." लोक मांड्या बडवायला लागले. पुढाऱ्यांनी डोळे पुसले, अण्णांना मिठी मारली, घड्याळ बघितलं. ओढा उन्हाळ्यामुळं कोरडा होता, त्यांच्या गाड्या धुरळा उडवत सहज पलीकडं गेल्या.

संध्याकाळी जेवताना अण्णांच्या खांद्यावर शाल तशीच होती. पोरीनं विचारलं, "आबा, पुलाचं काय म्हनले?"

अण्णांचा हात ताटातच थांबला. मग म्हणाले, "लोक हसत होते गं बाई. राहून गेलं."

मला असा संताप आला की ती शाल चुलीत घालावी. आणि त्यांच्या तोंडाकडं बघून रडूही आलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांनी त्यांचं ऐकलं होतं.

निवडणूक झाली, पुढारी निवडून आले. जूनमध्ये मी पोरीला धाराशिवला माझ्या भावाकडं ठेवायचं ठरवलं. घरातून विरोध झाला, तेव्हा मी म्हटलं, "स्थळं बघायचीच हौस असली तर तुमच्यासाठी बघा." निघायच्या दिवशी ओढ्याला थोडं पाणी आलं होतं. अण्णा तिची बॅग डोक्यावर घेऊन आमच्या पुढं चालले. बॅग मला देईनात, कुणालाच देईनात.

फाट्यावर एसटी आली. आम्ही दोघी आत बसलो, अण्णा खिडकीखाली उभे राहिले. सभेतलं त्यांचं बोलणं कुणीतरी मोबाइलवर काढून सगळीकडं पसरवलं होतं, त्यामुळं कंडक्टरनं त्यांना ओळखलं. बेल मारायची सोडून तो दारात आला. "आजोबा, ते सरकारचं सांगा की एकदा." लोक खिडक्यांतून डोकं बाहेर काढून बघायला लागले.

अण्णा त्यांच्याकडं बघत नव्हते, नातीकडं बघत होते. म्हणाले, "गावाला पूल न्हाय, म्हनून माझी नात गाव सोडून चाललीय."

कंडक्टरसकट सगळी एसटी हसली, आणि आता म्हैस कधी येते म्हणून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.