गाडीतून मोजलेली विहीर

लाखनीजवळच्या त्या शेतकऱ्याचं नाव मी विचारलं नाही. आम्ही भूगर्भाचे पंडित. बुटांना चिखल लागू न देता पृथ्वीचं पोट जाणणारे! तो गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडायचा, ओली गाठ अंगठ्यानं चाचपायचा आणि पाणी किती खोल गेलं ते सांगायचा. मी गाडीत बसूनच मागच्या वर्षीचा आकडा पुन्हा लिहिला.

"साहेब, एकदा वाकून तं पाहा जी! गाडीतून काय दिसून राहिलं तुमाले?"

"शास्त्र तुला कळत नाही," मी म्हणालो.

माझ्या आकड्यांवरून गावात पाणी भरपूर ठरलं आणि गावाची बोअरवेल नामंजूर झाली. उन्हाळाभर गाव टँकरमागे धावलं. त्याच आकड्यांवर लिहिलेल्या शोधनिबंधासाठी मला शाल मिळाली. तो निबंध विद्यार्थी अजून वाचतात. त्यातला त्या विहिरीचा आकडा खोटा आहे, हे आज मी विद्यापीठाला सहीनिशी कळवलं.