रुमाल बांधलेलं कणीस

अकरावीत आमच्या चौघांच्या टोळीत एकच कायदा होता: एकानं केलं की बाकीच्यांनी करायचंच. कायदा अर्थातच आमच्या म्होरक्याचा. त्यानं क्रांती चौकातल्या सलूनमध्ये मिशी काढली, तेव्हा आम्हीही रांगेत बसलो. मला मिशीच नव्हती, तरी मी वस्तरा फिरवून घेतला. गावाहून शहरातल्या गारखेड्यात राहायला येऊन मला वर्षही झालं नव्हतं आणि या तिघांशिवाय शहरात मला कुत्रंही ओळखत नव्हतं. टोळीत राहण्यासाठी मी भुवयासुद्धा दिल्या असत्या.

त्या थंडीत मी तिघांना हुरडा खायला देवगाव रंगारीला, आमच्या शेतात नेलं. काकांनी खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटवली, ज्वारीची कोवळी कणसं भाजली आणि चोळून गरम हुरडा आमच्या हातावर दिला. पोरं तुटून पडली. मग काका बैलांना पाणी पाजायला विहिरीवर गेले आणि म्होरक्याची नजर शेजारच्या शेतावर गेली. तिथं बांधालगतच्या चार-पाच कणसांना रंगीत चिंध्या बांधल्या होत्या. कणसं चांगली दांडगी होती.

"निवडूनच ठेवलीत बघ," तो म्हणाला. "तीच तोडू."

ते शेत ज्या काकूंचं होतं, त्या पार दुसऱ्या टोकाला पाखरं हाकत होत्या. बाकीचे दोघे उठलेसुद्धा.

ती कणसं खायची नव्हतीच. आमच्याकडे पीक उभं असतानाच सगळ्यांत चांगली कणसं हेरून त्यांना चिंधी बांधतात. ते पुढच्या पेरणीचं बियाणं, त्याला घरचं माणूसही हात लावत नाही. मी हे सांगितलं तर म्होरक्या हसला. चार कणसांनी काय होतं, म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "यायचं तर ये. नाय तर उद्यापासून आपला रस्ता वेगळा."

कॉलेजच्या कँटीनमध्ये एकटा बसलेला मी मला स्पष्ट दिसलो. फार वाईट वाटलं. आणि त्याच्या दुप्पट राग आला. मी पळत जाऊन बांधावर दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिलो. त्यांच्यासमोर इतके महिने जपून बोललेली शहरी भाषा कुठल्या कुठे गेली.

"मी येणार नाय," मी ओरडलो, "अन् तुमालाबी जाऊ देणार नाय. बी हाय ते लोकाचं."

माझा आवाज ऐकून काकूच आल्या. काय झालं, म्हणून विचारू लागल्या. म्होरक्यानं, कशानं कोण जाणे, मान खाली घालून खरं ते सांगून टाकलं. काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्याच्या खिशातला रुमाल काढायला लावला. पांढरा, इस्त्रीचा, निळ्या काठाचा. त्याच्याकडूनच एक कणीस निवडून घेतलं आणि त्याच्याच हातानं त्याला रुमाल बांधवला.

"हे तुझं," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली खायला ये." आणि आमच्या आगटीजवळ बसून आमचाच हुरडा खाऊ लागल्या.

परतीच्या एसटीत मी अंग चोरून उभा होतो. म्होरक्यानं मला ओढून खिडकीच्या जागेवर बसवलं. ती जागा आजवर फक्त त्याची असायची. घरी पोचेपर्यंत मी उगाच हसत होतो.

पुढच्या थंडीत हुरड्याला कधी जायचं, म्हणून त्यानंच माझ्यामागे भुणभुण लावली. काकूंनी रुमालाच्या कणसाचं बी बांधालगत वेगळं पेरलं होतं. त्या दोन ओळींची ज्वारी डोक्यावर गेली होती. आम्ही तिघं कणसांना हात घालणार, तोच म्होरक्या बांधावर हात पसरून आडवा झाला.

"आधी बियाण्याची बांधू द्या," तो म्हणाला आणि खिशातून इस्त्री केलेले चार रुमाल काढले.