पत्र्यावरची शेवंती

बारकूची बायको सरुबाई गेली ती शहाण्णव सालच्या दिवाळीच्या तोंडावर, आठ दिवसांच्या तापात. तेरावं उरकलं, चांदवडकडचे पाहुणे परतले, लेक शुभांगी येवल्याला सासरी गेली आणि दुसऱ्याच दिवशी बारकू सकाळच्या शिफ्टला अंबडच्या कारखान्यांच्या वसाहतीत हजर झाला. घरी बसून करायचं काय, हे त्याला कळत नव्हतं.

तो एका कारखान्याच्या पेंटशॉपमध्ये होता. तिथे कपाटाएवढी विजेची पॅनेल बनायची. बाहेरून करडी, आतून नारिंगी. तोंडाला फडकं बांधून, स्प्रेगन हातात घेऊन बारकूने चौदा वर्षं करडा रंग मारला होता. ओला रंग वाळल्यावर कसा दिसेल, हे त्याला डब्यात बघूनच कळायचं. म्हणून शेड जुळवायची असली की सुपरवायझर त्यालाच हाक मारायचा.

सिडकोतल्या खोलीत तो स्वतःच स्वयंपाक करू लागला. पीठ मात्र दोघांचंच मळलं जायचं. उरलेली भाकरी सकाळी गाईच्या पुढ्यात. रविवारी दिवसभर कुणाशी एक शब्द होत नसे, त्यामुळे सोमवारी गेटवर वॉचमनला नमस्कार करताना त्याचा आवाज घोगरा निघायचा. तो खाकरायचा आणि मग आत जायचा.

पुढच्या मार्चमधली गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत तो मागच्या आवारात बसला होता. कंपाउंडच्या भिंतीतून एक पिंपळ उगवलेला होता, त्याला नवी पालवी फुटली होती. बारकूने सहज एक पान तोडून गुडघ्यावर ठेवलं. पान हिरवं नव्हतं. तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखं होतं, आणि देठाजवळ त्यात किंचित गुलाबी होतं. चौदा वर्षं तो या झाडाखाली डबा खात होता. पिंपळ हिरवा असतो, एवढंच त्याला माहीत होतं.

त्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर तो थांबला. रंगाची चाचणी घ्यायला तळहाताएवढे पत्र्याचे तुकडे असत. त्यातला एक त्याने उचलला. डब्यांच्या तळाशी उरलेला नारिंगी, विजेच्या मोटारींचा निळा, यंत्रांवरच्या संरक्षक गार्डचा पिवळा, थोडा लाल, थोडा काळा असं घेऊन तो मिसळत बसला. पहिल्या खेपेला विटेचा रंग आला, दुसऱ्या खेपेला चिखलाचा. चौथ्या खेपेला त्याने पान पत्र्यावर ठेवलं आणि ते पत्र्यात हरवून गेलं. त्याने मान वर केली तेव्हा दुसऱ्या शिफ्टची माणसं चहाला निघाली होती. पाच महिन्यांत पहिल्यांदाच वेळ कसा गेला ते त्याला कळलं नव्हतं.

सुपरवायझरने बघितलं. "काय करता हो?"

"शेड जुळवून बघतोय साहेब."

"उरलेलाच वापरा म्हणजे झालं. नाहीतरी फेकायचाच असतो."

एवढी परवानगी पुरेशी होती. मग रोज एक पत्रा. खिशात कधी वाळलेलं पान, कधी कांद्याची पात, कधी पांडवलेण्याच्या डोंगरावरचा खडा. पत्र्यामागे खिळ्याने कोरून ठेवायचा, काय आणि कधीचं ते. 'जांभूळ, आतून.' 'गंगेचं पाणी, श्रावण.' गंगा म्हणजे गावातली नदीच, पण तिचं पाणी त्याला तीन वर्षं साधलं नाही. बाटलीत भरून आणलं की ते नुसतं गढूळ दिसायचं, घाटावरचा रंग घाटावरच राहायचा. शेवटी तो पुराच्या दुसऱ्या दिवशी पुलावर तासभर उभा राहिला, डोळ्यांत रंग धरून बसने अंबडला गेला, आणि वाटेत कुणी बोलू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून बसला.

शुभांगी सत्त्याण्णवच्या दिवाळीला आली तेव्हा तिने झाडायला म्हणून खाट सरकवली. खाली पत्र्यांच्या चळती.

"आबा, हे काय?"

त्याने चार-पाच पत्रे काढून तिला दाखवले. ती बघत होती पत्र्यांकडे, पण तिचं लक्ष बापाच्या चेहऱ्याकडे होतं. तो भराभर बोलत होता आणि एवढं तो कधी बोलत नसे.

"छान आहेत," ती म्हणाली. "पण कुणासाठी करता हे सगळं?"

 बारकूने पत्रे परत चळतीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी निघताना ती म्हणाली, "आबा, तुम्ही येवल्याला चला. एकट्यानं राहून माणसाचं मन कुठंही जातं." तो म्हणाला, येतो पुढच्या महिन्यात. गेलाही. आठ दिवस राहिला. तिथे सगळे कामात, माग सकाळपासून खटखटत असायचे, आणि हा ओट्यावर बसून. नवव्या दिवशी पहिल्या एसटीने परत आला.

सिडकोच्या शनिवारच्या बाजारात बयाबाई फुलं घेऊन बसायची. मखमलाबादकडे तिची बागायत होती, शेवंती, झेंडू, अष्टर. सगळी गिऱ्हाईकं पावशेर, अर्धा किलो घ्यायची. बारकू एकच फूल मागायचा आणि ते निवडायला वेळ लावायचा. बरेच महिने तिने काही विचारलं नाही. एकदा म्हणाली, "भाऊ, तुमचा देव लय थोड्यात भागवतो."

"देवाला नाय नेत," बारकू म्हणाला, आणि त्याने पिशवीतून मागच्या शनिवारचा पत्रा काढून तिच्यापुढे धरला. "हे तुमच्या शेवंतीचं. तिचाच रंग काढलाय."

बयाबाईने पत्रा हातात घेतला, उन्हाकडे वळवला, मग सावलीत धरला.

"ही शिळी हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आदल्या सांजेला तोडलेली. सकाळी तोडली का तिच्यात थोडी हिरवी झाक असती, मग ती जाती. तुम्ही फूल ठेवून मंग रंग काढला असंल."

बारकूने पत्रा परत घेऊन उन्हात धरला. त्याने तो पत्रा सोमवारी, फूल कोमेजायला लागल्यावर रंगवला होता. इतक्या वर्षांत त्याची चूक काढणारं कुणी भेटलं नव्हतं. त्या रात्री त्याला बरं वाटत राहिलं.

पुढच्या शनिवारी तिने टोपलीच्या कडेला ओल्या फडक्यात वेगळं फूल ठेवलं होतं. "हे पहाटंचं. आजच्या आज करा." बारकू तिथून तडक कारखान्यात गेला. शनिवारी अर्धी सुट्टी असूनही.

असं पाच वर्षं चाललं. त्यांचं बोलणं फुलांपलीकडे फारसं गेलं नाही. तिचा नवरा लवकर वारला होता, दोन मुलं होती, एवढं त्याला कळलं. सरुबाई गेल्याचं तिला कळलं. ती कधी बुलबुलाच्या अंड्याचं टरफल आणायची, कधी नुसतं झेंडूच्या मुळाला चिकटलेलं ओलं ढेकूळ. "हेचा काढा की रंग. ह्याच्यात काय काय हाय ते कळू दे." मातीचा तो रंग काढायला बारकूला दहा दिवस लागले. तिच्यात जांभळं होतं आणि ते वाळलं की कुठे जायचं ते सापडत नव्हतं. बयाबाईने पत्र्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "जमलं."

दोन हजार तीन साली कारखान्यात पावडर कोटिंग आलं. रंग आता तयार पुडीतून येणार, भट्टीत भाजून पत्र्यावर बसणार. त्यात मिसळायचं काही नाही. दोन पुड्या एकत्र केल्या तर नवा रंग होत नाही, नुसते ठिपके दिसतात. बारकूने एकदा करून पाहिलं होतं. जुने डबे ट्रकने गेले आणि त्याला पॅकिंगमध्ये घातलं. तिथे तो लाकडी खोक्यांना खिळे मारायचा.

त्याने बयाबाईला सांगितलं.

"मंग आता नुसतं बघा," ती म्हणाली. "मी तरी काय करती?"

त्याने तसं करून पाहिलं. पण हाताला काही नसलं की डोळा लवकर दमायचा. शाळेच्या मुलांची रंगपेटी आणली. त्यातले रंग वाळले की फिके पडायचे, आणि पाणी किती घ्यायचं याचा अंदाज येईना. तरी तो रोज संध्याकाळी कागद घेऊन बसायचा.

दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर बयाबाई बाजारात दिसली नाही. तीन शनिवार गेले. शेजारी भाजी विकणाऱ्या चिमणाबाईला त्याने विचारलं.

"तिच्या पोरांनी मळा दिला की प्लॉटवाल्याला. फुलं कुठली आता?"

बारकूने रविवारी पिशवीत तिच्या फुलांचे आणि मातीचे पत्रे भरले, चाळीसेक असतील, आणि मखमलाबादला गेला. घर सापडायला वेळ लागला नाही. मागे शेत होतं तिथे चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. बयाबाई पडवीत बसली होती. हात रिकामे, मांडीवर ठेवलेले. त्याला बघून तिने पदर सारखा केला आणि पाणी आणायला उठली.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने पत्रे सतरंजीवर मांडले. ती एकेक उचलू लागली.

"हे थंडीतलं. हे विहिरीकडच्या तुकड्यातलं, तिथली जरा लालसर यायची. हे..." तिने तो पत्रा डोळ्यांपासून लांब धरला. "हे ज्या वर्षी नातू झाला त्या वर्षीचं."

"तुमच्यासाठीच आणलेत. ठेवा."

तिने मान हलवली. "नाय भाऊ. एवढे घेऊन मी काय करू? रोज बघायचं आन रोज रडायचं." मग तिने मांडलेल्या पत्र्यांतून मातीचा पत्रा काढला आणि तेवढाच बाजूला ठेवला. "हा राहू द्या."

ती त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आली. पुन्हा या, असं ती म्हणाली आणि येतो, असं तो म्हणाला. पुढच्या वर्षी तो गेला तेव्हा घराला कुलूप होतं. धाकट्या मुलाने तिला पुण्याला नेलं होतं.

दोन हजार आठमध्ये बारकू निवृत्त झाला. शुभांगी दर पंधरा दिवसांनी फोन करते. चला म्हणते, तो बघू म्हणतो. रंगपेटी आता त्याच्या हाताला बसली आहे, पण सगळंच कागदावर उतरवायला हवं असं त्याला वाटेनासं झालं आहे.

रोज पहाटे तो पांडवलेण्याच्या पायऱ्या चढतो. यंदा कार्तिकात एका सकाळी तो मध्यावर थांबला. डोंगरावरचं गवत सुकायला लागलं होतं आणि उन्हाची पहिली तिरीप लागून सगळा उतार तांबूस गुलाबी झाला होता. हे चार-पाच मिनिटंच टिकतं, हे त्याला माहीत होतं. खालून एक गृहस्थ कानटोपी घालून भराभर चढत येत होते.

"जरा इकडून बघा," बारकू म्हणाला.

गृहस्थ थांबले, धापा टाकत त्यांनी त्याच्या बोटाकडे पाहिलं. "काय आहे?"

"गवत."

ते क्षणभर बघत राहिले, मग घड्याळाकडे पाहून "अच्छा" म्हणाले आणि पुढे निघून गेले. बारकू हसला. पायरीवर बसला आणि ऊन वर येईपर्यंत बघत राहिला.