जुवाखालची दोन बोटं

बंडी भरून झाली की शालूबाई जुवाखाली दोन बोटं घालून ते उचलून पाहायची. अलगद उचललं गेलं, तर माल मागं जास्त. हललंच नाही, तर पुढं जास्त. बोटं कुरकुरली पण हरली नाहीत, की बैल जुंपायचे. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं ती गिरडच्या बाजारात कोहळी नेत होती. बंडी एकदाही मागं कलंडली नव्हती.

त्या दिवशी बंडी जावयानं भरली. गोपाल हौशी माणूस. उतरवायला सोपी म्हणून कोहळ्यांची जड पोती सगळी मागं. शालूबाईला ते दिसलं, हात जुवाकडं गेलाही. पण जावयाच्या कामाची परीक्षा सासूनं कशी घ्यायची?

"झालं का जी, जवाईबापू?" एवढंच म्हणाली आणि मागून पायी निघाली.

टेकडीच्या चढाला पोती आणखी मागं सरकली. दांडी वर उठली, जू वर गेलं आणि जोडीतला ठेंगणा बैल पवळ्या गळ्यातल्या पट्ट्याला टांगला गेला. पुढचे पाय जमिनीला टेकेनात. जीभ बाहेर आली, घसा घरघरू लागला.

गोपाल चाकाजवळ दांडीला लोंबकळला. वाटेनं जाणारा गावातला अंकुश धावून आला, तोही तिथंच लोंबकळला. दोन दांडगे गडी घामानं निथळले. दांडी काही खाली येईना.

"मामी, जोर तं लावून राह्यलो!" गोपाल ओरडला.

"घाम गाळला म्हंजे काम झालं काय? तिथं नाई! टोकाले या, जुवाले धरा!"

ती स्वतःच धावली. वजन लुगड्यासकट चाळीस किलो. जुवाला धरून तिनं पाय उचलून घेतले. जू खाली आलं, पण चारच बोटं. तेवढ्यात पवळ्याची घरघरही बंद पडली.

"अरे गोपाल! गध्या, इकडं ये ना!"

गोपाल आला, टोकाला लटकला. जू खाली बसलं. अंकुशनं मागची पोती ओढून पाडली, ती फुटली. पवळ्या गुडघ्यांवर कोसळला. शालूबाईनं पट्टा सोडला, त्याच्या नाकाशी तळहात धरला. काहीच नाही. कोहळी उतारावरून गावाकडं घरंगळत होती. त्यांना बाजारापेक्षा घर प्यारं.

मग तळहाताला ऊन वाफ लागली.

पवळ्या झाडाखाली दम खात होता, तेव्हा गोपालनं बंडी पुन्हा भरली. या खेपेला त्यानं स्वतःच जू उचललं.

"मामी, पाहा बरं."

तिनं दोन बोटं घातली. "अजून एक कोहळं पुढं..." पुढं 'घ्या' म्हणावं की 'घे', तिला सुचेना.

गोपालनं दोन आणून ठेवली.